चाळीसातले तीस गेले कुठे?

तुम्हाला एक हिशेब घालते. प्रोप्रॅनोलॉल नावाची एक गोळी असते. तिच्यात औषध ४० मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचे हजार भाग केले, तर त्यातले फक्त ४०. ही गोळी कुणीतरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. आतड्याने आपलं काम चोख केलं, जवळजवळ सगळं औषध शोषून घेतलं. तरीही हृदयापर्यंत, हातापायांपर्यंत, सगळ्या अंगभर फिरायला मिळालं ते साधारण १० मिलिग्रॅमच. मग उरलेले ३० गेले कुठे? उलटी झालेली नाही, शौचावाटे पडलेलं नाही, आणि लघवीला तर अजून कुणी गेलेलंच नाही!

आता दुसरी गोळी घ्या. नाही, गिळायला नाही, हिशेबाला. ॲटेनोलॉल, ५० मिलिग्रॅम. या गोळीतलंही साधारण अर्धंच औषध अंगी लागतं, २५ मिलिग्रॅम. पण इथे हरवलेलं अर्धं अगदी वेगळ्या जागी सापडतं. दोन्ही गोळ्या एकाच घराण्यातल्या, दोन्हींचं मुख्य काम एकच, आणि शरीरात येण्याजाण्याच्या वाटा मात्र पार निराळ्या. असं का होतं, ते बघायला आपण दोघींच्या मागोमाग आत शिरू या.

आधी या घराण्याची ओळख करून घेऊ. या गोळ्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात. घरात कुणाला रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर त्यांना विचारून त्यांच्या औषधाची स्ट्रिप हातात घ्या. मागच्या चंदेरी बाजूला बारीक अक्षरांत नाव छापलेलं असतं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, यांपैकी एखादं असेल तर तुम्हाला हे घराणं सापडलं. शेजारी मिलिग्रॅमचा आकडा, मुदत संपण्याची तारीख, आणि कडेला एक उभी लाल रेघ. ती रेघ सांगते की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. वाचून झालं की स्ट्रिप जागच्या जागी ठेवा. ज्या गोळीने आजोबांना बरं वाटतं, तीच चुकून लहान मुलाच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकते, आणि दमा असलेल्यांना तर ती फारच त्रासदायक ठरू शकते.

ही गोळी करते काय? समजा, क्लासहून घरी येताना गल्लीतलं कुत्रं तुमच्या अंगावर धावून आलं. पळायचं की थांबायचं हे तुम्ही ठरवायच्या आत छाती धडधडायला लागते. तुमच्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक लहानशी ग्रंथी बसलेली असते, तिने रक्तात ॲड्रेनॅलिन सोडलेलं असतं. ते हृदयाच्या पेशींपर्यंत पोचतं आणि तिथे त्याच्यासाठी ठरलेल्या जागांवर जाऊन चिकटतं. या जागांना बीटा ग्राहक म्हणतात. ॲड्रेनॅलिन तिथे बसलं की हृदय भराभर आणि जोरजोरात आकुंचन पावतं. बीटा ब्लॉकरचा रेणू त्याच जागेवर बसतो, पण नुसताच बसतो, हृदयाला काही सांगत नाही. जागा मात्र अडवून ठेवतो. ॲड्रेनॅलिन आलं तरी त्याला टेकायला जागा मिळत नाही. मग नाडी शांत चालते, रक्तदाब उतरतो, आणि दिवसाला सुमारे १ लाख ठोके टाकणाऱ्या त्या हृदयाला जरा कमी ऑक्सिजन पुरतो.

हा शेवटचा मुद्दाच तर जेम्स ब्लॅक यांना सुचला होता. १९२४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा माणूस डॉक्टरकी शिकलेला, पण रमला संशोधनात. त्या काळी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन छातीत दुखायला लागलं, की डॉक्टर त्या वाहिन्या रुंद करायच्या मागे लागत, म्हणजे हृदयाला जास्त ऑक्सिजन मिळेल. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला. ऑक्सिजन वाढवायची खटपट करण्याऐवजी हृदयाची गरजच कमी केली तर? ॲड्रेनॅलिनचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे ग्राहक असावेत, असं अमेरिकेतल्या रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडलं होतं. फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. ब्लॅक यांनी घेतलं. १९५८ मध्ये ते इंग्लंडमधल्या आयसीआय या रसायनांच्या कंपनीत दाखल झाले आणि बीटा ग्राहकावर बसेल असा रेणू शोधायला लागले. पहिला रेणू कामाला आला, पण उंदरांमध्ये त्याने गाठी होऊ लागल्या, म्हणून तो सोडून द्यावा लागला. त्यानंतर हाती आलं ते प्रोप्रॅनोलॉल. १९६४ मध्ये ते जगापुढे आलं, आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ॲटेनोलॉलही त्याच कंपनीचं, १९७६ मध्ये बाजारात आलेलं. म्हणजे आपल्या दोन्ही गोळ्या खरोखरच एका घरातल्या आहेत.

दिसायलाही त्या किती सारख्या! प्रोप्रॅनोलॉलचा रेणुभार २५९, ॲटेनोलॉलचा २६६. दोघींच्या रेणूंची शेपटी तर अणू न् अणू सारखी. फरक सगळा डोक्याकडे आहे. प्रोप्रॅनोलॉलच्या डोक्याशी कार्बनच्या दोन षट्कोनी कड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. कपड्यांच्या कपाटात ठेवतात त्या डांबरगोळीत जे नॅफ्थॅलिन असतं, त्यात हीच जोडी असते. ॲटेनोलॉलच्या डोक्याशी एकच कडी, आणि तिच्या पुढच्या टोकाला नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेला एक छोटासा गट. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? ते बघायला स्वयंपाकघरात जा. फोडणीच्या तेलात हळद पडली की तिचा पिवळा रंग तेलभर पसरतो. त्याच तेलात मीठ टाकलं तर ते खाली जाऊन नुसतं बसून राहतं. पाण्यात याच्या उलट होतं. मीठ विरघळून दिसेनासं होतं आणि हळद बरीचशी तळाशी साचते. प्रोप्रॅनोलॉल हळदीच्या वळणाचं आहे, त्याला स्निग्ध पदार्थांची ओढ. ॲटेनोलॉल मिठाच्या वळणाचं, त्याला पाण्याची ओढ. यापुढे आत जे जे काही घडणार आहे, त्यातलं बहुतेक सगळं या एका आवडीनिवडीवर ठरणार आहे.

चला, गोळी गिळली. अन्ननलिकेतून ती काही सेकंदांत जठरात उतरते. तिथे ती फुगते, फुटते, तिचा भुगा होतो आणि औषध विरघळायला लागतं. (प्रोप्रॅनोलॉल गोळीत क्षाराच्या रूपात घातलेलं असतं, म्हणून तेही इथल्या पाणीदार रसात विरघळून जातं.) पण जठरातून रक्तात फारसं काही जात नाही. खरी जागा पुढे आहे, लहान आतड्यात. मोठ्या माणसाचं लहान आतडं सुमारे ६ मीटर लांब असतं. त्याच्या आतल्या भिंतीला घड्या असतात, घड्यांवर मिलिमीटरभर उंचीचे असंख्य उंचवटे, आणि त्या उंचवट्यांवरच्या प्रत्येक पेशीला आणखी सूक्ष्म उंचवटे. हे सगळं कुणी इस्त्री करून सपाट पसरलं, तर ५ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब जमीन सहज झाकून जाईल. एवढी मोठी जागा पोटात घडी घालून ठेवलेली!

आणि या भिंतीतली प्रत्येक पेशी एका पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. तो पडदा बनलेला असतो स्निग्ध पदार्थांचा. इथेच दोघींची पहिली ताटातूट होते. प्रोप्रॅनोलॉल त्या स्निग्ध पडद्यात सहज शिरतं, पेशी ओलांडतं आणि पलीकडच्या केशवाहिनीत उतरतं. शंभरातले नव्वदहून जास्त रेणू असे पार होतात. ॲटेनोलॉलला तो पडदा मानवत नाही. ते पेशी-पेशींमधल्या बारीक फटींतून, जमेल तसं झिरपतं. तेवढ्यात आतडं आपलं काम चालूच ठेवून सगळा ऐवज पुढे पुढे ढकलत असतं. निम्मे रेणू पोचतात, निम्मे राहून जातात. राहिले ते तसेच मोठ्या आतड्यात आणि तिथून शौचावाटे बाहेर. ॲटेनोलॉलच्या हरवलेल्या अर्ध्याचा शोध इथे लागला, ते आत आलंच नव्हतं! गंमत म्हणजे संत्र्याचा रस भरपूर प्यायलं तर ॲटेनोलॉल आणखी कमी शोषलं जातं, असं तपासण्यांत दिसून आलं आहे. तेव्हा मोठी माणसं गोळी साध्या पाण्याबरोबर घेतात, ते अगदी योग्य करतात.

मग प्रोप्रॅनोलॉल? ते तर जवळजवळ सगळं आत आलं. आता मन लावून वाचा, कारण आपला मुख्य हिशेब इथे सुटणार आहे.

आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. शरीरातल्या बहुतेक अवयवांचं रक्त जातं, आतड्याचं नाही. ते सगळं एका जाड नीलेत जमा होतं आणि आधी यकृतात जातं. उजव्या बरगड्यांखाली दडलेला हा सुमारे दीड किलोचा अवयव दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त हाताळतो, आणि त्यातलं तीन-चतुर्थांश या नीलेतूनच आलेलं असतं. आपण जे खातो त्यात काय काय येईल याचा नेम नसतो. म्हणून अंगभर पसरण्याआधी ते यकृताच्या पेशींपुढून जातं. प्रोप्रॅनोलॉलही या पेशींपुढून जातं, आणि त्याला स्निग्ध पडदा ओलांडायची भारीच सवय, म्हणून पेशींत शिरतं. आत विकरं, म्हणजेच एन्झाइम, त्याची वाट बघत असतात. हृदयापर्यंत पोचायच्या आधी, या पहिल्याच फेरीत, चारांतले सुमारे तीन रेणू बदलले जातात. ४० मधले ३० गेले ते इथे. नाहीसे झाले नाहीत, त्यांचं रूप पालटलं.

हे कळलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. शास्त्रज्ञांनी प्रोप्रॅनोलॉलमध्ये किरणोत्सारी कार्बनचे अणू घालून ते स्वयंसेवकांना दिलं. किरणोत्सारी अणू कुठेही गेले तरी यंत्राला सापडतात. ते जवळजवळ सगळे लघवीत सापडले. म्हणजे औषध आतड्यात अडकलं नव्हतं, रक्तात शिरलं होतं. पण लघवीत साधं, न बदललेलं प्रोप्रॅनोलॉल शोधलं, तर ते शंभरात एक भागसुद्धा मिळेना. मग तेच औषध एकदा शिरेतून आणि एकदा तोंडाने देऊन, ठरावीक वेळाने दंडातलं रक्त पुन्हा पुन्हा तपासून दोन आलेख काढले. तोंडाने घेतलेल्याचा आलेख फारच ठेंगणा निघाला. शिरेतून गेलेल्या औषधाला यकृताची ती पहिली फेरी घडत नाही ना!

आता यकृताच्या पेशीच्या अगदी आत डोकावू. मला या सगळ्या प्रवासातला हा टप्पा सर्वांत जास्त आवडतो. इथल्या एका विकराच्या मधोमध लोहाचा अणू असतो, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच बसवलेला. हे विकर ऑक्सिजनचा एक रेणू पकडतं. रेणूत अणू दोन. त्यातला एक अणू ते प्रोप्रॅनोलॉलच्या त्या नॅफ्थॅलिनच्या कडीवर नेऊन बसवतं. दुसऱ्याचं पाणी होतं. हा ऑक्सिजन आला कुठून? नाकातून. गोळी घेणाऱ्या माणसाने थोड्याच वेळापूर्वी श्वासातून आत घेतलेला तो ऑक्सिजन! पुढे दुसरं विकर येतं आणि त्या ऑक्सिजनला पकडून ग्लुकुरोनिक आम्लाचा एक रेणू जोडून देतं. हे आम्ल आपलं शरीर ग्लुकोजपासून तयार करतं, आणि ग्लुकोज येतं भाकरीतून, भातातून. म्हणजे गोळीतलं औषध शरीराबाहेर पडतं ते श्वासातला एक अणू आणि जेवणातल्या साखरेचा एक नातलग बरोबर घेऊन.

ही एवढी जोडाजोड यकृत का करतं? औषध नको आहे तर सरळ लघवीत टाकून मोकळं व्हावं. इथेच खरी मेख आहे, आणि तिचं उत्तर मूत्रपिंडात मिळतं. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे एक सूक्ष्म गाळणी आणि तिला जोडलेली लांब वळणदार नळी. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. तेवढी लघवी होत नाही, कारण नळीतून जाता जाता शंभरातले नव्व्याण्णव भाग पाणी रक्तात परत घेतलं जातं. या नळीच्या भिंती कशाच्या? पेशींच्या. पेशींचे पडदे कसले? स्निग्ध. झालं! प्रोप्रॅनोलॉल गाळणीतून नळीत उतरलं, तरी भिंतीतून पलीकडे सटकतं आणि पुन्हा रक्तात. आतड्यात ज्या गुणाने ते चटकन आत आलं, तोच गुण त्याला बाहेर पडू देत नाही. शरीरात यायला तेलाची ओढ बरी, जायला मात्र पाण्याचीच हवी. यकृत ऑक्सिजन आणि ते ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं ते यासाठी. जोडल्यावर रेणू पाण्यात रमतो, नळीची भिंत त्याला ओलांडता येत नाही, आणि तो निमूटपणे मूत्राशयाकडे जातो.

बरं, पहिल्या फेरीतून सुटलेल्या त्या १० मिलिग्रॅमचं काय होतं? ते हृदयात जातं, फुप्फुसांतून फिरतं, पुन्हा हृदयात येतं आणि मिनिटाभरात अंगभर पसरतं. दहातले नऊ रेणू रक्तातल्या प्रथिनांना बिलगून प्रवास करतात. सुटे असतात त्यांनाच पेशींवर काम करता येतं, सुट्यांतले काही कामाला गेले की बिलगलेल्यांतले काही सुटतात. गोळी घेतल्यापासून १ ते ४ तासांत रक्तातलं प्रमाण सर्वांत वर जातं. प्रोप्रॅनोलॉल मेंदूतसुद्धा शिरतं. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात, तिथे फटी नसतातच म्हणा, पण स्निग्धप्रेमी रेणूला फट लागतेच कुठे? म्हणून अर्धशिशी वारंवार उठू नये यासाठी डॉक्टर हे औषध देतात, आणि म्हणूनच ते घेणाऱ्या काहींना रात्री फार ठळक स्वप्नं पडतात. ॲटेनोलॉल प्रथिनांना फारसं बिलगत नाही आणि मेंदूत जेमतेम जातं.

दर फेरीला रक्त पुन्हा यकृतातून जातं आणि आणखी काही प्रोप्रॅनोलॉल बदललं जातं. साधारण ३ ते ६ तासांत रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. यकृताचं पहिलं काम झालेला, म्हणजे नुसता ऑक्सिजन चिकटलेला रेणूसुद्धा काही काळ बीटा ग्राहकावर बसू शकतो बरं का! पुढची जोडणी झाली की मग त्याचं काम संपतं.

ॲटेनोलॉलची परतीची वाट यापेक्षा कितीतरी साधी. यकृतापुढून तेही जातं, पण यकृत त्याला फारसा हात लावत नाही. पाण्यात आधीच रमलेला रेणू, त्याला बदलायचं कशाला? तो रक्तातून फिरतो, नेफ्रॉनच्या गाळणीतून उतरतो, नळीची भिंत ओलांडू शकत नाही, आणि जसा आला तसाच लघवीत जातो. याचं प्रमाण निम्मं व्हायला ६ ते ७ तास लागतात.

‘निम्मं व्हायला’ असंच का म्हणतात, ‘संपायला’ का नाही म्हणत? कारण मूत्रपिंड औषधाचे रेणू मोजत बसत नाही. ते दर मिनिटाला ठरावीक पाणी गाळतं, सुमारे १२० मिलिलिटर. त्या पाण्यात औषध जास्त असलं तर जास्त बाहेर पडतं, कमी असलं तर कमी. म्हणून सकाळी ८ वाजता अंगात २५ मिलिग्रॅम ॲटेनोलॉल आहे असं धरलं आणि निम्मं व्हायला ६ तास धरले, तर दुपारी २ वाजता साडेबारा उरतं, रात्री ८ वाजता सव्वासहा, मध्यरात्री २ वाजता तीनच्या आसपास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता जेमतेम दीड. तेवढ्यात पुढची गोळी घ्यायची वेळ होते. वहीत याचा आलेख काढून बघा. रेघ सुरुवातीला धाडकन खाली येते आणि मग कलत कलत जमिनीला टेकायचं टाळत राहते. रक्तातलं प्रमाण एवढं उतरलं तरी हृदयावरचा परिणाम त्या वेगाने ओसरत नाही, म्हणून ॲटेनोलॉलची गोळी बहुतेकांना दिवसातून एकदाच पुरते. पण ती मनाने एकदम बंद करणं फार धोक्याचं. इतके दिवस अडवलेल्या जागा अचानक मोकळ्या होतात, ॲड्रेनॅलिन त्यांच्यावर तुटून पडतं आणि हृदयावर भलताच ताण येऊ शकतो.

आता तुमच्या लक्षात येईल की डॉक्टर गोळी लिहून देण्याआधी इतक्या तपासण्या कशाला करतात. मूत्रपिंडं थकलेली असतील तर ॲटेनोलॉल अंगात साचत जाईल, म्हणून मात्रा कमी करावी लागते. यकृत आजारी असेल तर त्या पहिल्या फेरीत प्रोप्रॅनोलॉल कमी बदललं जाईल, आणि १० च्या जागी कितीतरी जास्त मिलिग्रॅम अंगभर फिरायला लागेल. गोळीवर छापलेला आकडा दोघांसाठी सारखा, पण कुणाच्या अंगात किती पोचणार, ते त्याचं यकृत आणि मूत्रपिंड ठरवणार.

आणि धडधाकट माणसांची यकृतंही सारखी नसतात. १९७० च्या दशकात लंडनमधल्या सेंट मेरीज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाचे शास्त्रज्ञ रक्तदाबाच्या एका औषधाचा अभ्यास करत होते. ते बीटा ब्लॉकर नव्हतं, दुसरंच होतं. अभ्यासासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्वतःच घेतलं. इतरांना काही विशेष झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र एवढा कोसळला की त्यांना उभं राहवेना. मात्रा सगळ्यांना सारखी, मग यांनाच का? शोध घेतला तेव्हा कळलं की ते औषध बदलणारं यकृतातलं एक विकर त्यांच्याकडे नीट चालतच नव्हतं. जन्मापासूनच. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने हे प्रसिद्ध केलं. त्या विकराला आज सीवायपी२डी६ म्हणतात, आणि त्याची सूचना आपल्या २२ व्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. आपल्या घराण्यातलं मेटोप्रोलॉल मुख्यतः याच विकराच्या हातून बदलतं. ज्यांच्याकडे ते मंद आहे त्यांच्या रक्तात मेटोप्रोलॉल कितीतरी जास्त आणि जास्त वेळ राहतं. काहींच्याकडे या विकराच्या सूचनेच्या जादा प्रती असतात, त्यांच्यात ते भराभर संपतं. वरून बघून कुणाचं यकृत कसं, हे मुळीच सांगता येत नाही.

लघवीवाटे काय बाहेर पडतं हे माहीत असलं, की त्यावरून पकडताही येतं. पिस्तूल चालवताना हात किंचित थरथरला तरी नेम चुकतो, आणि बीटा ब्लॉकरने ती थरथर कमी होते. म्हणून नेमबाजीत आणि तिरंदाजीत ही औषधं घ्यायला बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याने नेमबाजीत एक रौप्य आणि एक कांस्य पदक जिंकलं होतं. तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि दोन्ही पदकं काढून घेतली गेली. न बदललेलं औषध लघवीत नावापुरतंच असतं खरं, पण प्रयोगशाळांना ते तेवढंही पुरतं, आणि यकृताने रूप पालटलेले रेणूही ओळखता येतात.

लघवी बाहेर पडली की प्रवास संपला असं वाटतं ना? ॲटेनोलॉलच्या बाबतीत तो तिथे संपत नाही. ते जसंच्या तसं बाहेर पडलेलं असतं, म्हणजे ते अजूनही औषधच असतं. संडासातून गटारात, गटारातून सांडपाण्याच्या केंद्रात, आणि जिथे असं केंद्र नाही तिथे थेट ओढ्यात, नदीत. जगातल्या अनेक नद्यांच्या पाण्यात ॲटेनोलॉल सापडलं आहे. प्रमाण अगदी कमी, एका लिटरमध्ये ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजण्याएवढं. पण लाखो माणसं रोज गोळी घेतात आणि नदीतले मासे त्याच पाण्यात चोवीस तास राहतात. माशांच्या हृदयालाही बीटा ग्राहक असतात. म्हणून शास्त्रज्ञ या पाण्यावर लक्ष ठेवून आहेत, आणि ठेवायलाच हवं.

सांडपाण्याच्या केंद्रात हवा खेळवलेल्या मोठ्या टाक्या असतात, त्यांत अब्जावधी जिवाणू घाण खात असतात. त्यांच्यातले काही ॲटेनोलॉललाही सोडत नाहीत. त्याच्या डोक्याच्या टोकाशी तो नायट्रोजन असलेला छोटासा गट होता, आठवतो? जिवाणू नेमका तोच तोडतात, आणि ॲटेनोलॉल आम्ल नावाचा नवा रेणू तयार होतो. गोळी घेणाऱ्या एखाद्या आजीच्या यकृताने ज्या औषधाला फारसा हात लावला नाही, त्याचं रूप शेवटी जिवाणूंनी पालटलं! आणि आता हे ऐका. मेटोप्रोलॉल घेणाऱ्या माणसाचं यकृत मेटोप्रोलॉलपासून जो मुख्य पदार्थ बनवून लघवीत सोडतं, तोही हाच रेणू असतो, अणू न् अणू हाच. त्यामुळे नदीच्या पाण्यात तो सापडला, तर तो आजीच्या ॲटेनोलॉलचा की शेजारच्या काकांच्या मेटोप्रोलॉलचा, हे नुसतं त्याच्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी त्याच पाण्यात दोन्ही मूळ औषधं किती किती आहेत, ते आधी मोजावं लागतं.